अंड्यातला पांढरा भाग आणि डोळ्यातले भिंग

एका परीक्षानळीत अंड्यातला पांढरा भाग घेऊ. नळी पाण्याच्या चंचुपात्रात ठेवून पाणी हळूहळू तापवू. तापमान साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की पारदर्शक द्रव दुधी होऊ लागतो आणि मग घट्ट होतो. नळी थंड केली तरी तो पुन्हा पारदर्शक होत नाही. असे का?

प्रथिनाचा रेणू म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती ठरावीक घड्या घालून बसलेली असते. पाण्यापासून दूर राहणारे तिचे बरेचसे भाग घडीच्या आत लपलेले असतात. उष्णतेने घडी उलगडली की हे भाग उघडे पडतात, शेजारच्या रेणूंच्या तशाच भागांना चिकटतात आणि गुठळ्या तयार होतात.

जिवंत पेशींवरही असा प्रसंग येतो. १९६२ साली इटलीतील शास्त्रज्ञ फेरुच्चिओ रितोसा यांना फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथींना जास्त उष्णता मिळाल्यावर गुणसूत्रांवर नवे फुगवटे दिसले. तेथील जनुके कामाला लागली होती. अशा वेळी तयार होणारी प्रथिने १९७४ साली सापडली. त्यांना आपण 'उष्माघात प्रथिने' म्हणू. नाव असे असले तरी विषारी धातूंसारख्या इतर संकटांतही ती तयार होतात.

यांतील लहान प्रथिनांचे रेणूभार साधारण १२ ते ४३ हजार डाल्टन असतात. त्यांतली बहुतेक मोठे गट करून राहतात. यात्रेत चुकलेल्या मुलाचा हात धरून त्याला एका जागी बसवणारा स्वयंसेवक आपण पाहतो. ही प्रथिने तेच करतात. अर्धवट उलगडलेल्या रेणूला धरून ठेवतात आणि गुठळी होऊ देत नाहीत. या कामाला एटीपीची ऊर्जा लागत नाही. संकटात सापडलेल्या पेशीला हे फार सोयीचे आहे. पुन्हा घडी घालण्याचे काम मात्र त्यांचे नव्हे. ते ऊर्जा वापरणारी मोठी उष्माघात प्रथिने नंतर करतात.

आता डोळ्याकडे वळू. आपल्या भिंगातील अल्फा क्रिस्टलिन हे प्रथिन फळमाशीच्या लहान उष्माघात प्रथिनांच्या नात्यातले आहे, हे १९८२ साली कळले. ते इतर प्रथिनांच्या गुठळ्या रोखते, हे जोसेफ हॉरविट्झ यांनी १९९२ साली परीक्षानळीत दाखवले.

भिंगाला या रक्षकाची गरज विशेष आहे. प्रकाश अडू नये म्हणून भिंगाच्या आतील पेशी आपले केंद्रक गमावतात. त्यामुळे तेथे नवी प्रथिने बनत नाहीत. मध्यभागातील प्रथिने तर आपल्या जन्माआधीची असतात आणि तीच आयुष्यभर पुरवावी लागतात. वयाबरोबर, अतिनील किरणांमुळे आणि ऑक्सिडीकरणामुळे त्यांच्या घड्या बिघडत जातात. अल्फा क्रिस्टलिन एकेका बिघडलेल्या रेणूला धरत राहते. पण त्याचा साठा भरून निघत नाही. मोकळे रक्षक संपत आले की गुठळ्या वाढतात, प्रकाश विखुरतो आणि भिंग दुधी होते. हाच वार्धक्यातला मोतीबिंदू. जगातील अंधत्वाचे हे सर्वांत मोठे कारण आहे. दुधी भिंग काढून कृत्रिम भिंग बसवणे हाच त्यावरचा खात्रीचा उपाय आहे.

परीक्षानळीत काही मिनिटांत दिसलेली घटना आपल्या डोळ्यात घडायला बहुधा साठ-सत्तर वर्षे लागतात. एवढा काळ ती कोणी रोखून धरली, हा प्रश्न प्रयोगानंतर वर्गात जरूर विचारू या.