मोठ्या टेबलाचा आजार

गेल्या पावसाळ्यात पवन मावळातला एक तरुण ओपीडीत आला. झोप नाही, छातीत धडधड, जेवणावरची वासना उडालेली. वय पस्तिशीच्या आसपास. ईसीजी, थायरॉईड, साखर, सगळं व्यवस्थित. तो औषधांच्या खिडकीकडे गेला तेव्हा इतका वेळ गप्प बसलेली बायको म्हणाली, "डॉक्टरसाहेब, माझ्या पाटल्या गहाण पडल्यात. मला ठाऊक नाही असं यांना वाटतंय." (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

तो लोणावळ्याजवळच्या एका बंगल्याची देखभाल करायचा. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून मंडळी यायची. पूर्वी तीन पत्ती चालायची, आता पोकर. एका रात्री एक गडी कमी पडला म्हणून त्यालाही बसवलं. त्या रात्री तो जिंकला आणि तिथूनच सुरुवात झाली.

पुढच्या भेटीत तो मोकळेपणाने बोलला. "दोनशेच्या टेबलावर मी बरा खेळायचो. बुडालो ते पाच हजारांच्या टेबलावर." पगार चौदा हजार. म्हणजे तीनदा बसण्याइतकेही पैसे नव्हते. मग तो त्या टेबलावर गेलाच का?

मुरलेले पोकर खेळाडू एक नियम पाळतात. खेळायचे पैसे घरखर्चापासून वेगळे ठेवायचे. त्याला ते 'बँकरोल' म्हणतात. आणि एका वेळी त्याचा विसावा भाग किंवा त्याहूनही कमी रक्कम घेऊन टेबलावर बसायचं. या नियमामागे जुनं गणित आहे. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सच्या 1657 सालच्या पुस्तिकेतलं शेवटचं कोडं हेच होतं : दोघांपैकी एक कफल्लक होईपर्यंत डाव चालला, तर कोण बुडण्याची शक्यता किती?

साधं नाणेफेकीचं उदाहरण घ्या. तुमच्याकडे दहा हजार, समोरच्याकडे नव्वद हजार, दर वेळी हजाराची पैज. लबाडी अजिबात नाही. तरीही शंभरातल्या नव्वद वेळा कफल्लक तुम्हीच होणार, कारण पडता काळ सोसायला त्याच्याकडे पैसे आहेत आणि तुमच्याकडे नाहीत.

आता समजा, तुम्ही खरोखर हुशार आहात आणि शंभरातले 55 डाव जिंकता. खिशात पाचच पैजांपुरते पैसे असतील तर कधी ना कधी बुडण्याची शक्यता 37 टक्के. दहा पैजांचे असतील तर 13 टक्के. वीस पैजांचे असतील तर दोन टक्क्यांहून कमी. माणूस तोच, कसब तेच. बदललं ते फक्त खिसा आणि पैज यांचं प्रमाण. पण तुमची जीत निम्म्याहून कमी असेल, किंवा अड्डेवाला प्रत्येक डावातून आपली नाल कापून घेत असेल आणि त्यात तुमची आघाडी संपत असेल, तर बँकरोल कितीही मोठा असो, खेळत राहिलात तर बुडणं फक्त लांबणीवर पडतं. जमीन विकून हाती आलेल्या रकमेबद्दल मावळात हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. गुंठ्यांचे पैसे एकदाच येतात. तो बँकरोल नव्हे.

हे गणित माझ्या रुग्णाला दोन मिनिटांत समजलं. मग मोडलं का? इथे वैद्यकाचा भाग सुरू होतो. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला, की मेंदूतली डोपामिनची यंत्रणा जास्त चेतते. थोडक्यात हुकलेला डाव हा हरलेलाच डाव असतो, पण जुगाऱ्याच्या मेंदूत तो जिंकल्यासारखाच काही केंद्रं जागी करतो. त्यात जागरण आणि दारू यांनी आवर घालणारा पुढचा मेंदू सुस्तावतो. नियम सकाळी ठरवलेला असतो आणि पहाटे तीनला तो पाळायचा असतो.

म्हणून घरच्यांनी एकच प्रश्न विचारावा : पैज वाढते ती केव्हा? हरल्यावर, गेलेलं परत मिळवायला वाढत असेल, तर तो आजाराचा ताप समजावा. सोबत लपवाछपवी, उसनवारी, चिडचिड असेल तर थांबू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात जुगाराचं व्यसन आजार म्हणून नोंदलेलं आहे. ते 2022 पासून लागू आहे. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर 2025 मध्ये केंद्राने बंदीचा कायदा केला आणि राज्यात जुगाराच्या अड्ड्यांविरुद्ध 1887 पासून कायदा आहे. पण कायद्याने ओढ जात नाही.

उपचार आहेत. विचारांची सवय बदलणारं समुपदेशन सर्वांत उपयोगी ठरतं. जोडीला नैराश्य किंवा दारू असेल तर त्यावर औषधं द्यावी लागतात. घरच्यांनी गुपचूप कर्ज फेडून टाकू नये, त्याने पुढच्या डावाला मोकळीक मिळते. काही महिने एटीएम कार्ड आणि मोबाइलवरचे पैशांचे व्यवहार दुसऱ्याच्या हाती द्यावेत. आणि जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो का, हे स्पष्ट विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस बोलता होतो. टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत, मराठीतही बोलता येतं.

तो तरुण दर महिन्याला येतो. शनिवारची रात्रपाळी त्याने सोडली, झोप परतली. पाटल्या अजून सोनाराकडेच आहेत, हप्ते चालू आहेत. मागच्या खेपेला त्याने विचारलं, "दोनशेच्या टेबलावर बसलो तर चालेल का, साहेब? तिथं मी जिंकायचो." मी उत्तर देण्याआधी बायकोकडे पाहिलं. ती दाराकडे निघालीही होती.

"तुला आता कुठलंच टेबल नाही," मी म्हणालो. तो थोडा वेळ बसून राहिला. मग पुढची तारीख लिहून घेतली आणि तिच्या मागोमाग गेला.