मोगरा, जाई, कुंद : नावांचा घोळ आणि झाडांची निगा

बुलडाण्याजवळ, पैनगंगेच्या वरच्या खोऱ्यात, देऊळघाट हे गाव आहे. नावातील ‘देऊळ’ हा शब्द ‘देवकुल’ ह्या संस्कृत शब्दापासून प्राकृताच्या वाटेने आला, हे वाचकांस ठाऊकच आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र देऊळ नसून तेथील अंगणांत वाढणारी सुवासिक फुलझाडे हा होय. भाषेच्या अभ्यासकाने फुलझाडांवर का लिहावे, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर म्हणून स्वतःचीच एक चूक सांगणे भाग आहे.

देऊळघाटला माझ्या मावशींच्या अंगणात एक जुने झुडूप होते. त्या त्यास ‘कस्तुरी मोगरा’ म्हणत. मोगऱ्याची छाटणी नोव्हेंबरच्या अखेरीस करावी, असे मी वाचले होते. एका वर्षी सुटीत गेलो असता कात्री घेऊन ते झुडूप मी दीड फुटांवर छाटून टाकले. मावशी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “अरे बाप्पा, हा काई मोगरा नोहे!” मार्गशीर्षातील गुरुवारच्या पूजेसाठी त्यांनी ज्या कळ्यांवर भरवसा ठेवला होता, त्या सगळ्या जमिनीवर पडल्या होत्या. त्या वर्षी पूजेला घरचे फूल नव्हते.

ते झुडूप कुंदाचे होते. ‘कस्तुरी’ हे विशेषण मोगऱ्याचा एक प्रकार दाखवीत असावे, असे मी गृहीत धरले. वस्तुतः त्या विशेषणाने झाडाची जातच बदलत होती. समासातील उत्तरपद प्रधान मानण्याची वैयाकरणाची सवय येथे नडली.

असा घोळ होण्यास कारणही आहे. ह्या फुलांची मराठी नावे जुनी असून बहुतेकांचा माग प्राकृतापर्यंत लागतो. ‘जाति’ वरून जाई, ‘यूथिका’ वरून जुई, ‘नवमालिका’ वरून नेवाळी. ह्यांपैकी शेवटच्या शब्दाचे ‘णोमालिआ’ हे प्राकृत रूप हेमचंद्राने आपल्या व्याकरणात मुद्दाम सूत्र घालून साधले आहे, इतके ते नियमाबाहेरचे वाटत होते. ‘मोगरा’ हा ‘मुद्गर’ ह्या शब्दाचा वंशज. कपडे धोपटण्याची मोगरी त्याची सख्खी बहीण. बटमोगऱ्याची टपोरी कळी पाहिली म्हणजे हे नाते पटण्यास अडचण पडत नाही. ‘जाति’ शब्दाने तर आणखी एक संसार थाटला आहे. जायफळ व जायपत्री ह्यांतील ‘जाय’ तोच शब्द होय. परंतु जायफळाच्या वृक्षाचा जाईच्या वेलीशी काडीचाही संबंध नाही.

नावे अशी एका झाडावरून दुसऱ्यावर उडी घेतात, आणि हा दोष केवळ लोकभाषेचा नव्हे. मोगऱ्याच्या शास्त्रीय नावातील ‘साम्बाक’ हा शब्द अरबी ‘ज़ंबक’ वरून आला. तोच शब्द आज अरबीत व तुर्कीत लिलीच्या फुलास लावतात. लिनियसने १७५३ मध्ये मोगऱ्यास पारिजातकाच्या पंक्तीला बसविले होते. तेथून उठवून त्यास जाई-जुईच्या गणात आणण्याचे काम एटन ह्याने १७८९ मध्ये केले. फिलिपाईन्समध्ये १९३४ पासून मोगरा हेच राष्ट्रीय फूल आहे. तेथील ‘सांपागिता’ ह्या नावाचे मूळ मात्र ‘चंपक’ ह्या शब्दात आहे असे मानतात. म्हणजे मोगरा तेथे चाफ्याच्या नावाने नांदतो!

देऊळघाटात वऱ्हाडी वळणाच्या मराठीच्या शेजारी उर्दूही बोलली जाते. मावशी जिला जाई म्हणत तिला शेजारच्या खाला चमेली म्हणत, आणि दोघी एकमेकींस कलमे देत. त्यांचा कधी गोंधळ झाला नाही, कारण दोघी झाड डोळ्यांनी ओळखत. गोंधळ होतो तो नाव कानाने ऐकून पुस्तक उघडणाऱ्याचा. रोपवाटिकेत तर आता ह्या सर्वांवर ‘जस्मिन’ अशी एकच चिठ्ठी अनेकदा आढळते.

यास्तव नाव विचारण्यापूर्वी पान पाहावे. फूल वर्षातून काही महिनेच असते. पान जवळजवळ बारमाही. मोगऱ्याचे पान एकसंध, रुंद व गुळगुळीत असते. कुंदाचेही पान एकसंधच, पण त्याच्या कोवळ्या फांद्यांवर व पानांवर मऊ लव असते. पानाच्या मागून बोट फिरविले की ती कळते. त्या दिवशी मी बोट फिरविले असते, तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. जाईचे पान संयुक्त असते. एका देठावर बहुधा सात ते नऊ पर्णिका असतात, आणि तिच्या कळीस बाहेरून गुलाबी छटा असते. जुईच्या पानात एक मोठी पर्णिका व तिच्या बुडाशी कानांसारख्या दोन चिमुकल्या पर्णिका दिसतात. तिच्या शास्त्रीय नावातील ‘ऑरिक्युलाटम’ म्हणजे ‘कानवाली’ हेच होय. रातराणी ह्या कुळातलीच नव्हे. ती अमेरिकेतून आलेली, वांग्या-मिरचीच्या कुळातील.

ओळख पटल्यावर निगा सोपी आहे. मोगरा नव्या फुटीवर फुलतो आणि त्याचा भर उन्हाळ्यात असतो. म्हणून नोव्हेंबरच्या अखेरीस त्याचे पाणी तोडावे, आणि तेव्हापासून जानेवारीपर्यंत केव्हाही दीड फुटांवर छाटणी करावी. नंतर खत व पाणी सुरू करताच नवी फूट येते. जुईची छाटणी जानेवारीअखेर करतात. जाईचीही तिचा बहर ओसरल्यावर, थंडीत. कुंद ऐन थंडीत फुलतो. त्याला कात्री लावावयाची ती फुले संपल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये. मोगऱ्याचा नियम कुंदास लावला की एक सबंध बहर जातो.

घाटावरच्या काळ्या जमिनीविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. ही जमीन पाणी धरून ठेवते आणि मोगऱ्याची मुळे ओलीत कुजतात. अंगणात लावावयाचे असल्यास खड्ड्याच्या तळाशी विटांचे तुकडे घालून वर माती, रेती व कुजलेले शेणखत ह्यांचे मिश्रण भरावे. कुंडीस बुडाशी छिद्र हवेच. जागा निदान पाच-सहा तास ऊन मिळेल अशी असावी. सावलीत मोगरा पालवतो, फुलत नाही. ह्या मातीत चुनखडी असली की पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तो पाण्याचा अभाव समजून लोक आणखी पाणी घालतात. वास्तविक झाडास लोह मिळेनासे झालेले असते. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून पानांवर फवारावे आणि हिरवेपणा परतेपर्यंत महिन्याने पुन्हा तसेच करावे. कळ्या जांभळट होऊन गळू लागल्यास आत अळी आहे असे समजावे व त्या कळ्या वेचून नष्ट कराव्यात.

दुहेरी पाकळ्यांच्या मोगऱ्यास बी धरत नाही. त्याची वाढ कलमांनीच होते. पावसाळ्यात जमिनीलगतची फांदी वाकवून, सालीस खाच देऊन मातीत दाबावी. मुळे फुटली की मुख्य झाडापासून तोडावी. मावशींचा कुंद पुढच्या हिवाळ्यात पुन्हा फुलला. त्याची एक दाबफांदी माझ्या घरी आहे. कुंडीवर मी ‘कस्तुरी मोगरा’ असेच लिहिले आहे आणि खाली कंसात ‘छाटणी मार्चमध्ये’.