गिनीज, लतादीदी आणि वेरूळचा दगड

शाळा सुरू व्हायच्या दिवसांत छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात वह्या-पुस्तकांसाठी झुंबड उडते. क्रमिक पुस्तकांच्या गठ्ठ्यांशेजारी सामान्य ज्ञानाची पुस्तकेही असतात: सर्वांत लांब नदी, सर्वांत उंच इमारत, सर्वांत लहान पक्षी. इथल्या मुलांना अशा आकड्यांचे बाळकडू घरीच मिळते. शहर बावन्न दरवाजांचे. बीबी का मकबऱ्याचा खर्च सांगितला जातो 6,68,203 रुपये 7 आणे, म्हणजे थेट आण्यापर्यंत. 2010 मध्ये इथल्या मंडळींनी एकत्र येऊन 150 मर्सिडीज गाड्या घेतल्या, तेही आता सामान्य ज्ञानातच जमा आहे.

विक्रमांच्या पुस्तकांचे थोरले घराणे गिनीजचे. नोव्हेंबर 1951 मध्ये आयर्लंडच्या वेक्सफर्ड परगण्यात सर ह्यू बीव्हर शिकारीला गेले होते. गोल्डन प्लोव्हर पक्ष्यावरचा त्यांचा नेम हुकला आणि मंडळींत वाद पेटला: शिकारीच्या पक्ष्यांत युरोपातला सर्वांत वेगवान कोणता? उत्तर देणारे पुस्तक काही सापडेना. बीव्हर गिनीज या बिअर कंपनीचे प्रमुख. गुत्त्यांमध्ये असे वाद रोजच रंगतात हे त्यांना ठाऊक होते. वर्तमानपत्रांना खात्रीशीर माहिती पुरवणाऱ्या नॉरिस आणि रॉस मॅकव्हर्टर या जुळ्या भावांवर त्यांनी काम सोपवले. 27 ऑगस्ट 1955 रोजी पहिले पुस्तक तयार झाले आणि त्या नाताळात ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपले. गुत्त्यातल्या पैजा मिटवण्यासाठी निघालेले हे पुस्तक पुढे मुलांनी आपलेसे केले. 1972 पासून बीबीसीच्या ‘रेकॉर्ड ब्रेकर्स’ कार्यक्रमात मुले प्रश्न विचारत आणि मॅकव्हर्टर बंधू पुस्तक न उघडता उत्तरे देत. भारतात 1990 मध्ये याच धर्तीचे लिम्का बुक आले.

मुलांना या पानांवरची अचाट माणसे आवडतात, आणि ते योग्यच आहे. पण या पुस्तकांची खरी कारागिरी मोजण्यात आहे. नागपूरच्या ज्योती आमगे हिचे पाहा. 16 डिसेंबर 2011 ला ती अठरा वर्षांची झाली आणि त्याच दिवशी जगातली सर्वांत कमी उंचीची स्त्री म्हणून तिची नोंद झाली. त्यासाठी चोवीस तासांत तीनदा तिची उंची मोजली गेली. दिवसभराच्या वावराने माणसाची उंची किंचित घटते, म्हणून ही खबरदारी. आकडा ठरला 62.8 सेंटिमीटर.

पुण्याच्या श्रीधर चिल्लाळ यांची नखेही अशीच मोजलेली. 1952 पासून त्यांनी डाव्या हाताची नखे कापली नव्हती. पाचही नखांची मिळून लांबी भरली 909.6 सेंटिमीटर, त्यात एकट्या अंगठ्याचे नख 197.8. जुलै 2018 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ती कापली गेली, तोवर तो हात कायमचा अधू झाला होता. मुलांच्या पुस्तकात नखांची लांबी येते तशी हाताची ही कथाही यायला हवी.

मोजमापाविना छापलेला आकडा कसा अंगाशी येतो, हे मराठी घरांना सर्वांत जवळच्या उदाहरणावरून कळते. 1974 मध्ये गिनीजने लता मंगेशकर यांच्या नावावर विक्रम नोंदवला: 1948 पासून किमान 25,000 गाणी ध्वनिमुद्रित. मोहम्मद रफी यांनी हरकत घेतली. त्यांचा दावा 28,000 चा. रफी गेल्यानंतर 1984 च्या आवृत्तीत दोघांचेही आकडे छापले गेले आणि 1991 मध्ये ती नोंदच पुस्तकातून गेली. दरम्यान कानपूरचे हरमंदिर सिंग ‘हमराज’ आपल्या ‘हिंदी फिल्म गीत कोशा’त चित्रपटागणिक गाणी लिहून काढत होते. अशा नोंदींवरून मोजले, तर दीदींची हिंदी चित्रपटगीते पाच हजारांच्या आसपास भरतात. मराठी आणि इतर भाषांतली गाणी मिळवली तरी पंचवीस हजार फार दूर राहतात. घरातली मोठी माणसे मुलांना हे सांगायला कचरतात. पण सांगितलेच पाहिजे. 2011 मध्ये आशा भोसले यांच्या नावावर सुमारे 11,000 गाण्यांचा विक्रम लागला. 2016 मध्ये गायिका पी. सुशीला यांची नोंद झाली ती 17,695 अशी, एकेक गाणे मोजल्यासारखी.

आता घरचा अभ्यास. वेरूळचे सोळावे लेणे, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातले कैलास. कळसाकडून पायाकडे कोरत आणलेले हे मंदिर मुले शाळेच्या सहलीत हमखास पाहतात. इथून किती दगड काढला, याचे उत्तर कुठे दोन लाख टन, कुठे चार लाख टन असे मिळते. कोणते मानायचे? सातवीतल्या गणितावर निकाल लागतो. कैलासचा चौक 276 फूट लांब, 154 फूट रुंद आणि मागचा कडा 107 फूट उंच. सगळीकडे खोली 107 फूटच धरली, तरी खड्डा भरतो सुमारे 45 लाख 48 हजार घनफूट, म्हणजे जवळपास 1,28,800 घनमीटर. बेसाल्टचा एक घनमीटर साधारण 2.9 टनांचा. गुणाकार पावणेचार लाख टनांच्या आतच थांबतो. यात बाजूची दालने धरलेली नाहीत हे खरे. पण मधे उभे असलेले अख्खे मंदिरही वजा केलेले नाही, आणि डोंगर पुढे उतरत येतो तसतशी खोली कमी होत जाते. सरासरी खोली निम्मी धरली की उत्तर येते 1 लाख 87 हजार टन. त्यातून मंदिराचा दगड वजा करायचा आणि दालनांचा मिळवायचा. तेवढ्यासाठी मोजपट्टी घेऊन पुन्हा वेरूळला जावे लागेल.