उबदार पाणी आणि भरवशाचा वारा

आमच्या एका स्नेह्यांनी मनाशी पक्के केले होते, की नाताळची सुटी सहकुटुंब शिडाच्या नौकेवर घालवायची. स्थळही ठरले होते: मॉरिशस. "डिसेंबरात तिथले पाणी सत्तावीस अंश उबदार असते, आणखी काय पाहायचे?" असे त्यांनी मोठ्या समाधानाने सांगितले. मी विचारले, "आणि वाऱ्याची चौकशी केलीत काय?"

पोहणाऱ्याने पाण्याची ऊब पाहावी हे ठीक. शिडाने जाणाऱ्याचे तेवढ्यावर भागत नाही. किंबहुना ही ऊबच कित्येकदा घात करते. चक्रीवादळ जन्मास येण्यासाठी समुद्राचा पृष्ठभाग सामान्यतः २६.५ अंश सेल्सिअस वा अधिक तापलेला असावा लागतो. दक्षिण हिंदी महासागरात नोव्हेंबर ते एप्रिल हे उष्ण महिने, आणि तोच वादळांचा हंगाम. मॉरिशस त्याच टापूत येते. आपल्या बंगालच्या उपसागरातही ऑक्टोबर ते डिसेंबर हे महिने धोक्याचे. म्हणून अंदमानच्या बाजूस जायचे, तर जानेवारी उजाडू द्यावा.

तेव्हा शोध घ्यायचा तो अशा समुद्राचा, की जेथे पाणी अजून उबदार आहे, पण वादळांचा काळ सरला आहे. कॅरिबियन समुद्र या कसोटीस उतरतो. तेथील वादळांचा हंगाम ३० नोव्हेंबरला संपतो. त्या हंगामाचा तडाखा किती भयंकर असतो, हे २०१७ च्या सप्टेंबरात इर्मा वादळाने दाखवले; ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरील शेकडो नौका त्यात मोडून पडल्या. हिवाळ्यात मात्र हीच बेटे नौकाविहाराचे माहेरघर बनतात. पूर्वेकडून व्यापारी वारे जवळजवळ रोज वाहतात. टोर्टोला आणि दक्षिणेकडील लहान बेटांची रांग यांच्यामध्ये सर फ्रान्सिस ड्रेक सामुद्रधुनी आहे. भोवतालची बेटे महासागराच्या लाटा अडवतात, त्यामुळे वारा पुरेसा आणि पाणी त्या मानाने शांत, असा दुर्मीळ योग जुळतो. पुढचे बेट डोळ्यांसमोर असते. भरती-ओहोटीचा फरकही फूट-दीड फुटाच्या आसपास.

परंतु नाताळच्या सुमारास हेच वारे जोर धरतात आणि तासाला २५ ते ३० सागरी मैलांच्या वेगाने काही दिवस सलग वाहतात. मुरलेल्या खलाशाला ती पर्वणी. प्रथमच निघालेल्या कुटुंबाला ती शिक्षा. शिवाय दूर उत्तर अटलांटिकमध्ये वादळ झाले, की त्याच्या लाटा येथवर पोहोचतात. आकाश निरभ्र असते, आणि उत्तरेकडे तोंड असलेल्या खाडीत नांगरलेली नौका मात्र रात्रभर हेलकावत राहते.

आमच्या स्नेह्यांसोबत दोन लहान मुले होती. त्यांना मी थायलंडमधील फुकेत सुचवले. तेथे हिवाळ्यात ईशान्य मोसमी वारा मलय द्वीपकल्पाच्या भूमीवरून येतो. लाट उभी राहण्यास वाऱ्याला पाण्यावरून लांब पल्ला मिळावा लागतो. पश्चिम किनाऱ्यालगत तो मिळत नाही, म्हणून समुद्र बहुधा शांत असतो. जवळच्या फांग-न्गा उपसागरात चुनखडीचे उंच सुळके पाण्यातून वर आलेले आहेत. उणीव एवढीच, की एप्रिलकडे वारा मंदावतो आणि शिडे लोंबत राहून यंत्राचाच आवाज ऐकावा लागतो. तो काही नौकाविहार नव्हे, असे माझे मत. दुसरी गोष्ट भरतीची. येथे पाणी दोन-तीन मीटर चढते-उतरते. दुपारच्या भरतीला ऐटीत टाकलेला नांगर रात्री ओहोटीला नौका चिखलात बसवतो. नांगर टाकण्यापूर्वी भरतीचे कोष्टक पाहायचे, आणि नवख्याने स्थानिक तांडेल बरोबर घ्यायचा. त्याच्या रोजात काटकसर करू नये.

जाण्यापूर्वी चार सकाळी मुंबईच्या बंदरात सरावासाठी काढाव्यात, असेही मी त्यांना सुचवले. हिवाळ्यात तेथे सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो आणि दुपारी खारा वारा समुद्राकडून. एकाच दिवसात दोन्ही अंगांनी शीड फिरवावे लागते.

स्नेह्यांनी बेत बदलला. जानेवारीच्या अखेरीस ते फुकेतला गेले, तांडेलासह.