दहावी घरातून, अंबाजोगाईत

मे महिन्यात संध्याकाळी ऊन उतरलं की मी शेजारच्या घरी पुस्तकं चाळायला जायचे. घर ख्रिस्ती. वडील पास्टर, केज आणि धारूरकडच्या खेड्यांतल्या लहान मंडळ्या सांभाळतात. आई सरकारी दवाखान्यात परिचारिका. मुलगी आठवी पास झालेली. करोनाच्या वर्षांत घरच्या घरी अभ्यासाची जी घडी बसली, ती या तिघांना मनापासून आवडली होती. आता नववी ते बारावी मुलीला घरीच, ख्रिस्ती पायावर शिकवायचं त्यांनी ठरवलं होतं. मी त्यांच्या मंडळीतली नाही. हायस्कूलला विज्ञान शिकवून निवृत्त झाले, एवढाच माझा अधिकार. आई म्हणाली, "बाई, कुठलं पुस्तक घ्यायचं ते आम्ही बघतो. पण पुढे जाऊन पोरीचं अडणार नाही ना, ते तुम्ही बघा."

टेबलावर तीन ढीग होते. पहिला हैदराबादच्या एका ओळखीच्या कुटुंबाकडून आलेला. त्यात 1970 मध्ये टेक्सासमध्ये सुरू झालेल्या 'अॅक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन' या अभ्यासक्रमाच्या पातळ वह्या होत्या. त्या वहीला 'पेस' म्हणतात. एका विषयाला वर्षाला बारा पेस. मूल स्वतः वाचतं, रिकाम्या जागा भरतं, उत्तरपुस्तिकेवरून स्वतःच तपासतं आणि चाचणीत ऐंशी टक्के मिळाले की पुढची वही उघडतं. त्याच ढिगात फ्लोरिडातल्या पेन्साकोला इथली 'अबेका'ची जाड, रंगीत पुस्तकंही होती. दुसरा ढीग 'एनआयओएस'चा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. तिसऱ्यात बालभारतीची नववी-दहावीची पुस्तकं.

पास्टरांचा ओढा पहिल्या ढिगाकडे होता आणि त्यामागचं कारण मला समजत होतं. त्या वह्यांत पानोपानी पवित्र शास्त्रातली वचनं आहेत, प्रामाणिकपणाचे आणि कामातल्या निष्ठेचे धडे आहेत. ज्या गावात आपल्या श्रद्धेची घरं मोजकीच, तिथे मुलीच्या पुस्तकात आपला देव भेटावा असं बापाला वाटणारच.

मी एकच सुचवलं: मुलीला तिन्ही ढिगांतून एकच विषय वाचू द्या. प्रस्तावना, जाहिराती, इतरांचे अनुभव सगळं बाजूला ठेवा. एक धडा घ्या, तो मुलीने वाचावा, पुस्तक मिटावं आणि आपल्या शब्दांत आईला समजावून सांगावा. आठवडाभर हेच चाललं होतं.

गणितात पेसच्या वह्यांनी मला चांगलंच थक्क केलं. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर अगदी लहान पावलं आहेत, त्यामुळे शिकवणारं माणूस जवळ नसलं तरी मूल अडखळत नाही. आईची रात्रपाळी आणि वडिलांचे दौरे बघता हा गुण मोठा होता. मुलगी भराभर पुढे गेली. पण पुस्तक मिटून सांगायची वेळ आली तेव्हा ती एका वाक्यापुढे सरकेना. रिकामी जागा भरायची सवय झालेल्या मुलाला सलग पाच ओळींचं उत्तर बांधायला वेगळा सराव लागतो आणि इथल्या परीक्षेत तर सलग उत्तरंच लिहायची असतात. सामाजिक शास्त्रांत अडचण आणखी उघडी पडली. नागरिकशास्त्र म्हणजे तिथलं सेनेट आणि तिथली राज्यघटना. मुलीने निमूटपणे वाचलं आणि विचारलं, "पण बाई, आपली जिल्हा परिषद यात कुठे आहे?"

मग उत्क्रांती. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमधला पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा आहे. अमेरिकेतल्या त्या दोन्ही संचांमध्ये सृष्टीची निर्मिती उत्पत्तीच्या पुस्तकाप्रमाणे सांगितली आहे आणि उत्क्रांती नाकारली आहे. त्या संध्याकाळी टेबलाभोवती कुणी फारसं बोललं नाही. मी आयुष्यभर हा धडा शिकवला आहे, म्हणून मला गप्प बसवेना. मी म्हटलं, मुलीला परिचारिका व्हायचंय. वॉर्डात जखम चिघळते, दिलेल्या औषधाला जंतू दाद देत नाहीत. औषधातून तगलेल्या जंतूंची पिढी पुढे वाढते, म्हणून तसं होतं. हा धडा कळला नाही तर औषधाचा कोर्स पूर्ण करा असं ती रुग्णाला कशाच्या जोरावर सांगणार? यावर आईनेच मान डोलावली. असे रुग्ण तिने रोज पाहिलेत. पास्टर बराच वेळ विचारात होते. मग म्हणाले, "धडा पूर्ण शिकवा. उत्पत्तीचं पुस्तक मी तिच्याशी वेगळं बोलेन." मला त्या उत्तराबद्दल आदर वाटला. आपली श्रद्धा त्यांनी सोडली नाही आणि मुलीचं शिक्षणही अडवलं नाही.

नववीपासूनचा अभ्यासक्रम निवडताना आधी शेवट ठरवावा आणि मग मागे यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. शिक्षण हक्क कायद्याची हमी सहा ते चौदा वयापर्यंतची, म्हणजे आठवीपर्यंत. तिथवर घरी काय शिकवलं याचा हिशेब फारसा कुणी मागत नाही. नववीनंतर मात्र प्रत्येक खिडकीवर कागद मागतात. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. तिकडच्या घरशाळेचं प्रमाणपत्र घेऊन इथल्या महाविद्यालयात उभं राहिलं तर समकक्षतेच्या कागदांमागे धावण्यात वर्ष जाईल. त्यामुळे पहिला ढीग मुख्य अभ्यासक्रम म्हणून बाद झाला. गणिताच्या वह्या सरावासाठी राहिल्या.

उरल्या दोन वाटा. पहिली सतरा नंबरच्या फॉर्मची. आपल्याकडे शाळा सुटलेला प्रत्येक माणूस हा फॉर्म ओळखतो. शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा, जवळची एखादी शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडायची आणि खाजगी परीक्षार्थी म्हणून राज्य मंडळाची दहावी द्यायची. पुस्तकं स्वस्त, मराठीत, कुठल्याही दुकानात मिळणारी, शिकवायला माणसंही भेटतील. पण बारावीला खाजगी परीक्षार्थी बहुतेक कला आणि वाणिज्यकडेच वळतात, कारण विज्ञान म्हटलं की प्रयोगशाळा आली.

दुसरी वाट एनआयओएसची. संस्था 1989 ची, केंद्र सरकारची. दहावीसाठी वय चौदा पूर्ण असावं लागतं. पाच विषय, त्यात किमान एक भाषा. उत्तीर्ण व्हायला तेहतीस टक्के. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात नऊ संधी. एखादा विषय आत्ता आणि एखादा सहा महिन्यांनी देता येतो. अभ्यास केंद्रात तपासून घ्यायच्या स्वाध्यायांना, ज्याला सगळे टीएमए म्हणतात, वीस टक्के गुण. दहावीला मराठी माध्यमही मिळतं. पुस्तकांची छपाई साधी आहे, पण मजकूर घरी बसून वाचणाऱ्यासाठीच लिहिलेला आहे: जागोजागी थांबून प्रश्न विचारतो, शेवटी उत्तरं देतो. मुलीने यातला पेशींचा धडा वाचून आईला सांगितला तेव्हा वाक्यं आपोआप जोडली गेली. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मग ख्रिस्ती पायाचं काय? पास्टरांना ही बाजू उणी राहील असं वाटत होतं. मला मात्र वाटतं की खरी श्रीमंती इथेच आहे आणि ती परदेशातून मागवावी लागत नाही. गोव्याला आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीत लिहिलं आणि ते 1616 मध्ये राशोलला छापलं. दहा हजारांहून जास्त ओव्या. आणि ही मुलगी राहते कुठे, तर मुकुंदराजांच्या अंबाजोगाईत. 'विवेकसिंधू' लिहिणाऱ्या त्या कवीची समाधी इथेच. लांबलचक कापडावर ग्रंथ लिहून ठेवणाऱ्या दासोपंतांची पासोडीही इथलीच. ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत कशी आली, हे शिकायला याहून योग्य गाव कुठलं?

पुढे 1842 मध्ये अहमदनगरला सुरू झालेलं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक. बाबा पदमनजींची 1857 ची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी. ना. वा. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन', जे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. घरात नवऱ्याकडून अक्षरओळख झालेल्या या बाईने 'स्मृतिचित्रे' लिहिलं. आणि पंडिता रमाबाई. संस्कृत आईकडून, भटकंतीत शिकलेल्या रमाबाई घरच्या शिक्षणाचं आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण आहेत. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारलं. तिथे मुलींना अक्षरांबरोबर छापखाना, विणकाम अशी पोटाला लागणारी कामंही शिकवली. हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी मराठीत आणलेलं संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये छापून बाहेर आलं. पास्टरांच्या कपाटात ही पुस्तकं अर्धीअधिक होतीच. ती अभ्यासाची पुस्तकं आहेत असं कुणाच्या मनात आलं नव्हतं, एवढंच. आता आठवड्यातले दोन दिवस सकाळी प्रार्थनेनंतर हेच वाचन. एनआयओएसच्या मराठी विषयासाठी त्यातूनच निबंधाचा सराव.

सरकारी चौकटीबाहेर शिक्षण उभं करणं मराठवाड्याला नवं नाही. निजामाच्या काळात उर्दूचा जोर असताना आपल्या भाषेतलं, आपल्या विचाराचं शिक्षण मिळावं म्हणून 1921 मध्ये हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. तिथे शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ पुढे याच गावातल्या, तेव्हाच्या मोमिनाबादच्या, योगेश्वरी नूतन विद्यालयात आले. अभ्यासक्रम कोण निवडणार, या प्रश्नावर इथल्या माणसांनी तेव्हाही किंमत मोजली होती.

विषय ठरत आले तेव्हा पास्टरांनी एक गोष्ट काढली आणि सगळ्या कामाचा रोखच थोडा बदलला. त्यांच्या खेड्यांतल्या मंडळ्यांत ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आहेत. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा-दिवाळीला टोळ्या गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. लहान मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली, पण नववी-दहावीची मुलं, त्यातही मुली, आईबापांबरोबर फडावर जातात. धाकट्याला सांभाळायचं, पाणी आणायचं, मोळ्या बांधायच्या. राज्य मंडळाची दहावी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. 2025 मध्ये तर 21 फेब्रुवारीलाच सुरू झाली. म्हणजे हंगाम ऐन भरात असताना. मूल हुशार असो की नसो, परीक्षेच्या दिवशी ते सांगलीच्या नाहीतर बेळगावच्या फडात असतं.

आम्ही पुन्हा एनआयओएसचं वेळापत्रक काढलं. एप्रिल-मे. कोयता गावी परतल्यावरची परीक्षा. एका वेळी दोन विषय दिले तरी चालतात, उरलेले पुढच्या वर्षी. पास्टर म्हणाले, "मग हे टेबल एकट्या पोरीसाठी कशाला?" त्यांच्या ओळखीतल्या दोन मुली, एक आठवी पास आणि एक नववीत सुटलेली, दोघींच्या वयाचे दाखले त्यांनी मागवायला सांगितले. मला हा अडचणींनी भरलेला पण खरा मार्ग वाटतो. अडचणी लपवून चालणार नाहीत. टीएमए वेळेवर पोचवायचे कुणी? फडावर रात्री उजेड नसतो, मोबाईल चार्ज करायला ट्रॅक्टरवाल्याला विनवावं लागतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरची परीक्षा त्यांच्यासाठी जवळपास गेलेलीच. म्हणजे वर्षाला दोन संधी कागदावर, हातात एकच. आणि उचल फिटेपर्यंत मुलीला मागे ठेवायला बाप तयार होईल का, याला कुठल्याही अभ्यासक्रमात उत्तर नाही. पास्टर ते मुकादमाशी बोलणार आहेत.

पास्टरांच्या मुलीचे विषय असे ठरले: मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक विज्ञान आणि सहावा गृहविज्ञान. विज्ञानाचं प्रात्यक्षिक अभ्यास केंद्रात जाऊन करायचं, तयारी माझ्या स्वयंपाकघरात. लिटमस कागद, भिंग आणि स्पिरिटचा दिवा माझ्याकडे अजून आहेत. एका सुट्टीच्या दिवशी तिची आई अभ्यास केंद्रावर चौकशीला गेली. पुढे बारावी विज्ञान इथूनच देता येईल का, प्रात्यक्षिकं कुठे होतील आणि नर्सिंगच्या प्रवेशाला हे प्रमाणपत्र चालतं हे लेखी कुठे मिळेल, हे तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून नेले होते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ती घेऊन आली. तिसऱ्यासाठी नर्सिंगच्या प्रवेश नियमांची पुस्तिका काढून वाचायची आहे. ते काम माझ्याकडे आलंय.