ओव्हरलोड क्लच : यंत्रात मुद्दाम ठेवलेली कच्ची जागा



पुण्याच्या आसपास भोसरी, पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव हा सगळा कारखान्यांचा पट्टा आहे. आपल्या वर्गातली बरीच मुलं दहावीनंतर आयटीआयला किंवा डिप्लोमाला जातात आणि दोन-तीन वर्षांत एखाद्या यंत्रासमोर उभी राहतात. काहींचे आई-वडील आजच तिथे काम करतात. म्हणून घर्षण, बल आणि आघूर्ण शिकवताना एक खरा यंत्रभाग वर्गात आणावा, या विचाराने हा पाठ लिहिला आहे. भाग आहे यांत्रिक ओव्हरलोड क्लच. काही जण त्याला टॉर्क लिमिटर म्हणतात.

ओळखीच्या वस्तूंपासून सुरुवात

मुलांना विचारा, घरातल्या फ्यूजमध्ये बारीक तार का असते? जाड का नाही? कारण जास्त करंट आला तर आधी ती वितळावी आणि घरातलं वायरिंग वाचावं. कुकरला सेफ्टी व्हॉल्व्ह का असतो? शिटी तुंबली तर आधी तो उडावा, कुकर फुटू नये म्हणून. मिक्सरच्या भांड्याखालचा कपलर लोखंडाचा का नसतो? खोबऱ्याचा तुकडा पात्यात अडकला तर दहा-वीस रुपयांचा कपलर झिजावा किंवा तुटावा, मोटर जळू नये म्हणून.

तिन्ही ठिकाणी एकच युक्ती आहे. काही बिघडणारच असेल तर ते कुठे बिघडावं, हे आपण आधी ठरवून ठेवतो. पट्ट्यावर चालणाऱ्या पिठाच्या गिरणीतही हेच दिसतं. जात्यात काही अडकलं की पट्टा पुलीवर सरकतो, चर्र आवाज येतो, रबर जळाल्याचा वास येतो. पट्टा हा एक ओबडधोबड ओव्हरलोड क्लचच झाला. फक्त तो नेमक्या किती जोराला सरकेल, याचा भरवसा नसतो. कारखान्यात हा भरवसा लागतो.

वीज बंद करणारा रिले पुरेसा का नाही?

हुशार मुलगा हा प्रश्न विचारणारच. मोटरला थर्मल ओव्हरलोड रिले असतो, मग आणखी क्लच कशाला?

रिले मोटरला जळण्यापासून वाचवतो, आणि त्याला वेळ लागतो. ‘क्लास १०’ प्रकारचा रिले ठरवलेल्या करंटच्या ७.२ पट करंट वाहिला तरी ट्रिप व्हायला ४ ते १० सेकंद घेतो. तेवढ्या वेळात साखळी तुटते, गिअरचे दात जातात, शाफ्टला पीळ पडतो. शिवाय वीज गेली तरी फिरणाऱ्या जड भागांमध्ये ऊर्जा शिल्लक असतेच. सायकलचं पायडल मारणं थांबवलं म्हणून सायकल जागच्या जागी थांबते का? यांत्रिक क्लच मात्र जिथे जोर वाढतो तिथेच, त्याच क्षणी सुटतो.

तीन मुख्य प्रकार

१. शिअर पिन. दोन फिरत्या भागांना जोडणारी एक साधी पिन. जोर वाढला की ती कातरली जाते. स्वस्त आणि सोपी. पण प्रत्येक वेळी यंत्र थांबवून नवी घालावी लागते. ट्रॅक्टरच्या अवजारांवर ही सर्रास दिसते.

२. घर्षण क्लच. दोन तबकड्या, मधे घर्षणाचं अस्तर, आणि दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा. नट आवळला की दाब वाढतो आणि सुटण्याची मर्यादाही वाढते. जोर जास्त झाला की तबकड्या घसरतात, अडथळा गेला की पुन्हा पकडतात.

३. गोळ्यांचा क्लच. एका तबकडीच्या खळग्यांमध्ये पोलादी गोळ्या स्प्रिंगने दाबून बसवलेल्या असतात. मर्यादा ओलांडली की गोळ्या खळग्यांतून उसळून बाहेर येतात आणि जोड सुटतो. हा सगळ्यांत नेमका. यातल्या एका प्रकारात गोळ्या पूर्ण फेऱ्यात एकाच जागी परत बसतात. पॅकिंगच्या किंवा बाटल्या भरण्याच्या यंत्राला हा लागतो, कारण तिथे सगळ्या भागांचा ताल एकमेकांशी जुळलेला असतो.

थोडं गणित

आघूर्ण (न्यूटन-मीटर) = ९५५० × शक्ती (किलोवॅट) ÷ मिनिटाचे फेरे

समजा, ५ हॉर्सपॉवरची म्हणजे ३.७ किलोवॅटची मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते. आघूर्ण आलं साधारण २४.५. पुढे १:२० चा गिअरबॉक्स लावला की फेरे ७२ राहतात आणि आघूर्ण २० पट, म्हणजे सुमारे ४९० न्यूटन-मीटर होतं. गिअरबॉक्समधली घट सध्या सोडून देऊ.

आपलं यंत्र जोरात चालताना ही सगळी शक्ती वापरतं, असं धरू. क्लच कितीवर लावायचा? बरोबर ४९० वर लावला तर तो वरचेवर उगाचच सुटेल. म्हणून सर्वांत मोठ्या रोजच्या गरजेच्या सव्वा ते दीडपट धरतात. इथे १.४ पट धरलं तर सुमारे ६९० येतं. पण दुसरी अटही पाळायची : यंत्रातला सर्वांत नाजूक भाग जेवढं सोसतो, त्याच्या खालीच ही मर्यादा हवी. शेवटचा शब्द यंत्राच्या पुस्तिकेचा.

क्लच बसवताना

१. मेन स्विच बंद करा, त्याला कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. ‘काम चालू आहे’ अशी पाटी अडकवा. वर उचललेला भार असेल तर त्याला आधार द्या.

२. जागा नीट निवडा. अडथळा आणि क्लच यांच्या मधे जे जे भाग येतात, त्या सगळ्यांना झटका बसतोच. म्हणून क्लच शक्यतो अडथळा येण्याच्या जागेजवळ हवा. मोटरजवळ आघूर्ण कमी, त्यामुळे तिथे छोटा आणि स्वस्त क्लच चालतो, पण मग गिअरबॉक्स झटक्याच्या वाटेत राहतो.

३. शाफ्ट आणि चावीची खाच पुसून घ्या, कडेची बारीक कूस कानशीने काढा. क्लच हाताने सरकून बसला पाहिजे. बसत नाही म्हणून हातोडी मारू नका, आतल्या बेअरिंगला आणि गोळ्यांच्या खळग्यांना मार बसतो.

४. दोन्ही शाफ्ट एका रेषेत आहेत का, ते डायल गेजने तपासा. साखळीचा क्लच असेल तर दोन्ही स्प्रॉकेट एका पातळीत आहेत का, ते सरळ पट्टी लावून बघा.

५. घर्षणाच्या अस्तराला तेल-ग्रीस लागू देऊ नका. तेल लागलं की घर्षण कमी होतं आणि क्लच फार लवकर सुटतो. गोळ्यांच्या क्लचला मात्र पुस्तिकेत सांगितलेलं वंगण हवंच.

६. नट सैल ठेवून सुरुवात करा. यंत्र चालवून बघा, सुटला तर बंद करून थोडं आवळा, पुन्हा बघा. नेहमीच्या भाराला सुटत नाही इतपत आला की थांबा. लॉकनट लावा आणि नटावरून तबकडीवर रंगाची एक रेघ ओढा. पुढे कुणी नट फिरवला तर रेघ तुटलेली दिसेल.

७. क्लच सुटला की मोटर बंद करणारा लिमिट स्विच जोडा. वरच्या उदाहरणात घर्षण क्लच घसरत राहिला तर ३.७ किलोवॅटपेक्षा जास्त शक्ती उष्णतेत जाते. एक हजार वॅटच्या जवळपास चार इस्त्र्या एका छोट्या तबकडीवर ठेवल्यासारखं होईल. अस्तर काही वेळातच जळतं.

चालवताना

क्लच सुटला की तो काहीतरी सांगतो आहे, असं समजा. यंत्र बंद करा, कुलूप लावा, अडथळा शोधा, काढा, साखळी-दात तपासा, मगच परत जोडा. गोळ्यांचा क्लच पूर्ण वेगात परत बसवू नका. सावकाश फिरवा, गोळ्या बसल्याचा ‘कट्’ आवाज येतो. किती वाजता सुटला आणि कशाने, हे वहीत लिहा. आठवड्यात चार वेळा त्याच जागी सुटत असेल तर दोष बहुतेक क्लचमध्ये नसतो. बेअरिंग घट्ट झालं असेल, नाहीतर माल वाकडा येत असेल.

घर्षण क्लच बरेच महिने न वापरता पडून राहिला तर तबकड्या गंजून चिकटतात, आणि मग तो सुटतच नाही. रोटाव्हेटरचा क्लच म्हणूनच हंगामाच्या सुरुवातीला नट सैल करून थोडा घसरवून घ्यावा लागतो आणि मग नट पुन्हा मूळ मापावर आणायचे.

“आता तुटणारच नाही बघा!”

हे वाक्य ऐकलं की सावध व्हायचं. ६ मिलिमीटरची पिन सारखी तुटते म्हणून कुणीतरी ८ मिलिमीटरची घालतो. मुलांना क्षेत्रफळ काढायला सांगा : २८.३ चौरस मिमी आणि ५०.३ चौरस मिमी. म्हणजे पिन १.७८ पट बळकट झाली. त्यात साध्या ४.६ ग्रेडच्या जागी ८.८ ग्रेडचा बोल्ट घातला तर धातूची ताकद आणखी दुप्पट. एकूण साडेतीन पट! पिन तुटत नाही हे खरं, पण आता गिअरबॉक्स तुटेल. फ्यूजमध्ये जाड तार घालणं आणि हे, दोन्ही सारखंच. नट ‘आणखी दोन फेरे’ आवळणंही त्यातलंच.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट

इतकं सगळं शिकून मुलाला वाटू शकतं की क्लच आहे म्हणजे आपणही सुरक्षित. हा समज बोटं घालवणारा आहे. म्हणून हे गणित फळ्यावर करूनच दाखवा.

आपल्या यंत्राच्या शाफ्टवर १० सेंटीमीटर त्रिज्येचा रोलर आहे. क्लच ६९० न्यूटन-मीटरला सुटतो. ६९० ÷ ०.१ = ६९०० न्यूटन, म्हणजे रोलरच्या कडेवर जवळजवळ ७०० किलो वजनाइतका जोर आल्याशिवाय क्लच सुटणार नाही. हात अडकला तर क्लचला त्याची जाणीवही होणार नाही, कारण हात त्याच्या फार आधी चिरडलेला असेल. क्लच गिअर वाचवतो, माणूस नाही. माणसासाठी जाळी, झाकण, इमर्जन्सी स्विच आणि कुलूपच हवं. फिरत्या भागांना कुंपण घालण्याची सक्ती १९४८ च्या कारखाने अधिनियमातच केलेली होती. यंत्र चालू असताना अडकलेला माल हाताने ओढायचा नाही, मग मागे कितीही घाई चालली असो. मुलांनी बाकी सगळं विसरलं तरी हे लक्षात ठेवावं.

वर्गात करून बघा

साहित्य : लाकडी फळी, लांब बोल्ट-नट, दोन वॉशर, दोन जुन्या सीडी, बरणीचं झाकण, बॉलपेनची स्प्रिंग, वर्तमानपत्र, दोरा, कागदी कप, वाळू.

फळीतून बोल्ट खालून वर आणा. एक सीडी फळीला चिकटवा, तिच्यावर वर्तमानपत्राची गोल चकती, तिच्यावर दुसरी सीडी. वरच्या सीडीवर झाकण चिकटवा, झाकणाला बोल्ट सैल जाईल असं भोक हवं. वर वॉशर, स्प्रिंग, वॉशर आणि नट. झाकणाभोवती दोरा गुंडाळून टेबलाच्या गुळगुळीत कडेवरून कप लोंबता सोडा. वाळू घालत जा. वरची तबकडी सरकली की कप वजन करा. नट एकेक फेरा आवळून तक्ता आणि आलेख तयार करा. शेवटी कागदावर तेलाचे दोन थेंब टाका आणि पुन्हा मोजा.

विचारायचे प्रश्न

- कपाचं वजन आणि झाकणाची त्रिज्या वापरून आघूर्ण किती आलं?
- तेल टाकल्यावर वजन कमी का लागलं?
- तुमच्या घरात अशी ‘मुद्दाम ठेवलेली कच्ची जागा’ आणखी कुठे आहे?

पालकांना एक विनंती. खंडेनवमीला बऱ्याच वर्कशॉपमध्ये यंत्रांची पूजा असते आणि घरच्यांना बोलावतात. त्या दिवशी यंत्रं बंद असतात. मुलाला घेऊन गेलात तर हार-फुलांसोबत क्लच कुठे आहे, रंगाची रेघ आहे का, जाळी जागेवर आहे का, हेही दाखवा. मुलांनी काढलेले तक्ते आणि प्रश्न आम्हाला जरूर कळवा.