‘डालडा १३’ची नजर

ओठांत सिगारेट धरलेले पंडित नेहरू विमानात ब्रिटिश उप-उच्चायुक्तांच्या पत्नीची सिगारेट पेटवून देताहेत. सरकारी फोटोग्राफरने हा क्षण बहुधा सोडूनच दिला असता!

तो टिपला होमाई व्यारावाला यांनी. जन्म १९१३चा, नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. देशातल्या या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीचे त्यांचे फोटो मात्र पती माणेकशा यांच्या नावाने छापले जात.

गाडीचा नंबर डीएलडी १३, म्हणून टोपणनाव ‘डालडा १३’. साडी नेसून, जडशीळ कॅमेरा सांभाळत त्या दिल्लीभर फिरायच्या. १६ ऑगस्ट १९४७ रोजी लाल किल्ल्यावर फडकलेला तिरंगाही त्यांनी टिपला.

१९७०मध्ये त्यांनी व्यवसाय सोडला. पद्मविभूषण मिळालं २०११मध्ये. फारच उशीर केला आपण.